तोतया, तोफ आणि माकडटोपी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे फिरून परत आलो, तो आमच्या सोसायटीच्या फाटकाने मला आत घेण्याचे साफ नाकारले. फाटकाने म्हणजे फाटकाच्या खांबावर त्याच आठवड्यात बसवलेल्या यंत्राने. त्याच्यासमोर उभे राहायचे, त्याने आपले तोंड पाहायचे, ओळख पटली की हिरवा दिवा लागून दार उघडायचे, अशी ती व्यवस्था. मी उभा राहिलो. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्यावर अस्सल पुणेरी माकडटोपी. तांबडा दिवा लागला. चष्मा काढला, तांबडा. हसून पाहिले, तरी तांबडाच. तेवढ्यात आतल्या खुर्चीवरून आमचे रखवालदार मामा उठून आले आणि म्हणाले, "सर, टोपी नका काढू, हवा गार आहे. मी उघडतो." त्यांना माझे तोंड मुळीच दिसले नव्हते. माझी चाल आणि काठीचा आवाज त्यांना पुरला होता.

घरी येऊन चहा घेताना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा आमची नात म्हणाली, "आजोबा, यंत्र बरोबरच वागलं. टोपीतून डोळे आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं." ते मला मान्य आहे. पण सारा जन्म इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे एक खोड जडली आहे. कसलीही नवी वस्तू दारात आली की हिची आजी कोण, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. ह्या यंत्राची आजी शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ती ह्याच पुण्यात सापडली.

माणसाच्या चेहऱ्याचे टिपण करून ठेवण्याची युक्ती अर्थात पुण्याहून जुनी आहे. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या शिपायांचे हुलिये लिहून घेण्याचा आणि घोड्यांवर डाग देण्याचा प्रघात पाडला, आणि अकबराने तो पुन्हा सुरू केला. हेतू सरळ होता. हजेरीच्या दिवशी सरदाराने बाजारातून भाड्याने माणसे आणून शिपाई म्हणून उभी करू नयेत. मोगली लष्करात ह्या टिपणाचे नावच 'चेहरा' असे होते. आज कारखान्यात आणि कचेरीत हजेरीसाठी तोंड दाखवावे लागते, त्याचे मूळ हे असे बोगस शिपायांत आहे!

पुण्याच्या वेशीवर माणसे पारखण्याचा पहिला ठळक प्रसंग शाहिस्तेखानाच्या मुक्कामाचा. खान लाल महालात उतरला होता, म्हणजे ज्या घरात शिवाजी महाराज लहानाचे मोठे झाले त्याच घरात. खाफीखान नावाच्या मोगली इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की परवान्यावाचून कोणाही मराठ्याला, शस्त्रधारी असो वा निःशस्त्र, शहरात येऊ देऊ नये अशी सक्त ताकीद होती, आणि मराठे स्वारांना चाकरीतही घेत नसत. बंदोबस्त म्हणून ह्यात काही कमी नव्हते. मग काय झाले? खाफीखानाच्याच म्हणण्याप्रमाणे, मराठ्यांनी कोतवालाकडून लग्नाच्या वरातीचा रीतसर परवाना काढला आणि वाजतगाजत दोनशे माणसे आत आणली. दुसरी एक टोळी पकडलेल्या कैद्यांच्या सोंगाने दोरखंडांसकट शिरली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात जे घडले ते आपणांस ठाऊकच आहे. खानाची बोटे गेली, मुलगा मारला गेला. मला ह्यात गंमत वाटते ती ही, की पहाऱ्याला चुकवण्यासाठी कोणी अंधारातून भिंत चढून आले नाही. पहारा ज्या गोष्टीला ओळखत होता, म्हणजे वरात, परवाना आणि कैदी, तेच रूप त्यांनी घेतले.

पुढे पेशवाईत शहर वाढले, पेठा वसल्या, आणि रात्रीच्या तोफेचा नियम आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या नोकरीत असलेल्या टोन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने त्याचे वर्णन केले आहे. रात्री दहाला तोफ उडे. त्यानंतर रस्त्यावर जो दिसेल त्याला गस्तवाले धरून नेत आणि सकाळी कोतवालापुढे उभे करून मग सोडत. तो पुढे असेही लिहितो की हा नियम इतका कडक होता की खुद्द पेशव्यालाच अवेळी बाहेर असल्याबद्दल एकदा रात्रभर अटकेत राहावे लागले. गस्तवाल्याने धन्याला ओळखले नाही, की ओळखूनही सोडले नाही, हे टोन सांगत नाही. मला दुसरी शक्यता अधिक आवडते. पण अशा बंदोबस्ताची दुसरी बाजूही ह्याच शहराने पाहिली. घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले परगावचे ब्राह्मण १७९१ च्या ऑगस्टमध्ये गुदमरून मेले, आणि खवळलेल्या लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. ते तेलंगी ब्राह्मण होते. गावात त्यांना ओळखणारे कोणी असते, तर ते कोठडीत गेले असते का, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

परंतु ह्या साऱ्यांहून मोठा खटला आहे तो तोतयाचा. चेहरा ओळखण्याच्या बाबतीत पुण्याची एवढी कसोटी त्याआधी किंवा त्यानंतर कधी लागली नसेल.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचे प्रेत कसे ओळखले गेले ते शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. धडाला शिर नव्हते. तेव्हा खुणा पाहिल्या. मांडीवरचा काळा डाग पाहिला. पाठीवरचा कट्यारीचा व्रण पाहिला, जो १७५९ साली मुजफ्फरखान गारद्याने पुण्यातच भाऊंवर वार केला त्याचा होता. रोजच्या शेकडो नमस्कारांनी हातांवर आणि गुडघ्यांवर पडलेले घट्टे पाहिले. म्हणजे पुण्याच्या एवढ्या मोठ्या पुरुषाची शेवटची ओळख चेहऱ्यावाचून पटली. ज्यांच्या हाती ते प्रेत लागले त्यांनी क्रियाकर्म केले. पण दूर पुण्यात मात्र कोणी काही डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि जे पाहिले नाही ते घडलेच नसेल अशी आशा माणसाला धरता येते.

त्या आशेच्या पोटी तीन-चार वर्षांनी उत्तरेत एक माणूस उभा राहिला. तो दिसायला भाऊंसारखा होता आणि मी सदाशिवराव म्हणून सांगत होता. हा मूळचा सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याला धरून पुण्यास आणले, भाऊंना जवळून पाहिलेल्या माणसांपुढे उभे केले, आणि चौकशीत तो तोतया ठरला. त्याला जिवे मात्र मारले नाही. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर अशी त्याची कैद फिरत राहिली ती शेवटी रत्नागिरीस आली. इथे प्रकरण मिटायला हवे होते. पण १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे ह्याने त्याला कोठडीतून काढून मसनदीवर बसवले आणि कोकणात एकच गोंधळ उडाला. किल्ल्यामागून किल्ले त्याला मिळाले, हजारो माणसे निशाणाखाली जमली, आणि हा कालचा कैदी बोरघाटाच्या तोंडाशी येऊन ठेपला.

आता विचार करा, की भाऊंना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेली माणसे पुण्यात अजून शेकड्यांनी असतील. एकदा तोतया ठरलेला माणूस तोच, चेहराही तोच. मग लोकांना तो भाऊ का वाटू लागला? मला वाटते, कारण त्याच्या चेहऱ्यात नव्हतेच. त्या वेळी गादीवर सवाई माधवराव, वय अवघे दोन वर्षे. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तीन वर्षेच झालेली. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. कारभाऱ्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. अशा घटकेला घरात एखादा कर्ता पुरुष हवा असे ज्याला त्याला वाटत होते, आणि कर्ता पुरुष म्हणून ज्याच्याकडे पाहावे असा माणूस पंधरा वर्षांपूर्वी गेला होता. बाकीचे काम डोळ्यांनी केले.

हे पुण्यातच घडते असे नाही. विलायतेत टिचबोर्न घराण्याचा बुडालेला वारस म्हणून ऑस्ट्रेलियातून एक लठ्ठ खाटीक आला, तेव्हा १८६७ साली प्रत्यक्ष आईनेच त्याला आपला मुलगा म्हणून ओळखले. १८७४ मध्ये तो शपथेवर खोटे बोलल्याबद्दल चौदा वर्षांसाठी तुरुंगात गेला. उलट आपल्याकडे बंगालात भवालचा संन्यासी मेलेला कुमार म्हणून परत आला, त्याला घरच्यांपैकी काहींनी ओळखले, पत्नीने नाकारले, आणि शेवटी १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला तो संन्याशाच्या बाजूने!

आमच्या तोतयाचा शेवट वाईट झाला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे ह्यांनी त्याची फौज मोडली. तो समुद्राकडे पळाला, तिथे राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केले. पुन्हा पंचायत बसली, पुन्हा साक्षी झाल्या, आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याला मानणाऱ्यांचीही चौकशी होऊन शिक्षा झाल्या. म्हणजे चेहरा चुकीचा ओळखला हाही गुन्हा ठरला. पुढे न. चिं. केळकरांनी ह्याच विषयावर 'तोतयाचे बंड' नाटक लिहिले.

ह्या सगळ्या गदारोळात एक व्यक्ती होती, जिच्या एका शब्दाने लाख साक्षी फिक्या पडल्या असत्या. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. पती गेले हे त्यांनी कधीच मानले नाही. वैधव्याचा वेष घेतला नाही, कुंकू पुसले नाही. तोतयाचे डोके गेल्यावरही सात वर्षे, १७८३ मध्ये स्वतः मरेपर्यंत, त्या तशाच राहिल्या.

इंग्रजांनी माणूस ओळखण्याचे शास्त्र केले. बंगालात हर्शेलने १८५८ मध्ये कराराच्या कागदावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. त्या शास्त्रामागची खरी मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा हिंदी अंमलदारांची होती. त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले, आणि काम झाले ते ठशाने नव्हे, फितुरीने. १९४२ च्या चळवळीत एस. एम. जोशी दाढी वाढवून मौलवीच्या वेषात भूमिगत राहिले. तोवर पोलिसांचा डोळा हा माणसाचाच डोळा होता आणि दाढीला फसत होता.

डोळा बदलला तो अलीकडे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत ब्लेडसो नावाच्या संशोधकाने फोटोतल्या डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे हाताने मोजून ती मापे संगणकाला दिली. १९७३ मध्ये जपानच्या कानाडेने मोजण्याचे कामही यंत्राकडे सोपवले. आजचे यंत्र नाक-डोळे मोजत बसत नाही. लक्षावधी फोटो पाहून शिकलेले ते गणित चेहऱ्याची शे-दोनशे किंवा अधिक आकड्यांची एक माळ करते. दोन माळा पुरेशा जवळ आल्या की माणूस एकच, असे ते म्हणते. पुरेशा म्हणजे किती, हे मात्र यंत्र ठरवत नाही. कोणी तरी खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो. माहितीच्या अधिकारात २०२२ साली उघड झाले की दिल्ली पोलीस शेकडा ८० जुळणी झाली की ओळख पटली असे धरतात. ह्याच दिल्ली पोलिसांच्या यंत्राची अचूकता २०१८ मध्ये उच्च न्यायालयापुढे शेकडा २ सांगण्यात आली होती. हरवलेली मुले शोधण्यासाठी ते घेतले होते.

इथे एक साधा हिशेब सांगतो. फाटकावरच्या यंत्राला 'हा तोच का?' एवढेच विचारायचे असते. चौकातल्या यंत्राला 'हा कोण?' असे विचारायचे असते, आणि ते फार अवघड. समजा, विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरून पाच लाख माणसे गेली आणि यंत्र हजारांत एकदाच चुकले. तरी पाचशे निरपराध माणसे 'सापडली'. तोतयाच्या वेळी निदान एकच माणूस होता.

पुण्यात कॅमेऱ्यांची दाटी झाली ती रक्ताच्या किमतीने, हेही सांगितले पाहिजे. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसे गेली, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, आणि मग पुणे-पिंपरीत बाराशेच्या वर कॅमेरे लागले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यापुढे कॅमेऱ्याची थट्टा करण्याची माझी छाती नाही. २०१९ पासून महाराष्ट्र पोलिसांजवळ ठसे, बुबुळे आणि चेहरे एकत्र ताडून पाहणारी यंत्रणाही आहे, आणि तिने जुने गुन्हेगार सापडतात. लोहगावच्या विमानतळावर २०२३ पासून 'डिजियात्रे'त तोंड दाखवून आत जाता येते. मात्र ती ऐच्छिक आहे. ज्याला नको त्याने नेहमीच्या रांगेत ओळखपत्र दाखवावे. मी तेच करतो. रांग लांब असते, पण मला कुठे घाई असते!

चुकवू पाहणारेही अर्थात निघाले. २०१० मध्ये एका कलावंताने गालांवर काळेपांढरे पट्टे रंगवून यंत्राला चेहरा चेहराच वाटू नये अशी युक्ती काढली. त्या काळच्या यंत्राला ती लागू पडली, आजच्याला पडत नाही. जपानी प्राध्यापकांनी डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लावलेला चष्मा केला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१६ साली रंगीबेरंगी फ्रेमचा असा चष्मा निघाला की घालणाऱ्याला यंत्र भलताच कोणी समजे. हाँगकाँगच्या निदर्शकांनी छत्र्या आणि मुखवटे वापरले, तर सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुखवट्यांवरच बंदी घातली. पुढच्याच वर्षी करोनाने साऱ्या जगाला मुखवटा बांधायला लावला, आणि जी यंत्रे उत्तम समजली जात तीही पहिल्यांदा चांगलीच अडखळली. मग ती नुसत्या डोळ्यांवरून ओळखायला शिकली. बहुरूप्याने सोंग बदलावे आणि पाटलाने तेही ओळखावे, तसाच हा खेळ. पुण्यातल्या मुली तर दुचाकीवर बसताना डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात, ते ह्या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून. धूळ आणि ऊन ही सांगायची कारणे. समोरून येणारी आत्या हे न सांगायचे. आत्या मात्र गाडीचा नंबर पाठ करून ठेवते.

कायद्याचे थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२२ चा एक कायदा पकडलेल्या माणसाची बुबुळेसुद्धा टिपू देतो. २०२३ चा माहिती-संरक्षणाचा कायदा संमती हवी म्हणतो आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवतो. चौकातला कॅमेरा कोणाचा चेहरा कुणाशी आणि कशासाठी ताडतो, ह्यासाठी स्वतंत्र कायदा देशात झालेला नाही. हैदराबादेत २०२१ मध्ये पोलिसांनी भर रस्त्यात एका कार्यकर्त्याला मुखपट्टी काढायला सांगून फोटो घेतला. तो नागरिक उच्च न्यायालयात गेला. युरोपात मात्र फेब्रुवारी २०२५ पासून पोलिसांना सार्वजनिक जागी चालत्या माणसांचे चेहरे त्याच क्षणी ताडण्यास, काही अपवाद सोडून, मनाई आहे.

आता पुन्हा आमच्या फाटकाकडे येतो. यंत्र बसवायचे ठरले तेव्हा सभा झाली होती. सर्वांनी हात वर केले, त्यांत माझाही हात होता. मामांना कोणी विचारले नाही. ते ज्या ठेकेदाराकडे कामाला आहेत त्याने त्यांची हजेरी त्याच यंत्रावर लावली. त्यांच्यापुढे ऐच्छिक रांग नव्हती.

एप्रिलात मामांची आई गेली. गावाहून दिवस करून ते परत आले ते डोके आणि मिशा उतरवूनच. आमच्या घरातल्या लहानग्यानेही त्यांना क्षणात ओळखले आणि "मामा, मिशी कुठे गेली?" म्हणून विचारले. यंत्राने ओळखले नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. महिन्याअखेर पगारात दोन खाडे कापून आले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मला चिठ्ठी दाखवली ती आकडा बरोबर वाचला ना एवढे विचारायला.

मी ठेकेदाराच्या कचेरीत गेलो. समोरच्या मुलाने संगणकात पाहून नम्रपणे सांगितले, "काका, त्या दोन दिवशी ते आलेच नव्हते." मी म्हणालो, "मी स्वतः त्यांना नमस्कार केला आहे." तो म्हणाला, "पण त्याची नोंद नाही." मग मी सोसायटीच्या वहीतली पाने, त्यांवर मामांच्याच हातची दूधवाल्याची आणि पेपरवाल्याची वेळ, आठ बिऱ्हाडांच्या सह्या, असे सगळे नेऊन दिले. पंचायतच बसवली म्हणा ना. एका दिवसाचे पैसे मिळाले. दुसऱ्याचे चौकशीत आहेत.

मिशा परत वाढल्या आहेत. परवा वसुबारसेच्या संध्याकाळी वीज गेली होती आणि जिन्यात मिट्ट काळोख होता. मी अंदाजाने पायऱ्या उतरत होतो, तो खालून आवाज आला, "सर, सावकाश. तिसरी पायरी फुटली आहे. आणि टोपी घातली नाहीत आज?"